शेवटच्या पानावरची ओळ

खांदा दुखतो. उजवा. चाळीस वर्षं हवेत हात हलवून पोट भरलं, तर दुसरं काय दुखणार? डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आता हात खांद्याच्या वर न्यायचा नाही. मी म्हटलं, बाई, माझा धंदाच तो आहे. मग ठरवूनच टाकलं, हा वसंतातला कार्यक्रम झाला की बास. टेक्सासमधल्या प्लेनोतला आमचा वाद्यवृंद काही मोठा नाही. दिवसभर ऑफिस करून मंगळवारी संध्याकाळी हायवेवरून धापा टाकत येणारी पंचावन्न माणसं, त्यातली निम्मी घरी सराव न करता येणारी, आणि मी त्यांची कंडक्टर. नागपूरच्या आत्याला पहिल्यांदा कळवलं तेव्हा तिने विचारलं होतं की कोणत्या डेपोला लागलीस. त्यानंतर भेटलेल्या प्रत्येक मराठी माणसाने हा विनोद स्वतःचा समजून मला ऐकवलाय, तेव्हा तुम्ही तरी करू नका. निरोपाच्या कार्यक्रमाला मी एक जुनी सिंफनी घेतलीय. कोणती ते सांगत नाही, सांगितलं की लोक मतं देतात. दुसऱ्या व्हायोलिनमध्ये बसणारा ओंकार, नागपूरचाच, इथे सॉफ्टवेअरमध्ये आहे, तो महिनाभर मागे लागलाय. "मावशी, या सिंफनीच्या पुस्तकाची पार वाट लागलीय यार. मी स्कॅन करून टॅबलेटवर टाकून देतो, पानं उलटायचं टेन्शनच नाही." मी नाही नाही म्हणत होते. शेवटी खांद्यापुढे हरले. उद्या तो पुस्तक न्यायला येणार आहे. त्या पुस्तकावर खाकी कागदाचं कव्हर आहे, किराणा दुकानाच्या पिशवीचं. ते माझ्या बाबांनी घातलंय. त्याची गोष्ट मी आजवर कोणाला सांगितली नाही, माझ्या नवऱ्यालासुद्धा नाही. आता लिहून टाकते आणि मोकळी होते.

आम्ही तेव्हा मॅसॅच्युसेट्समध्ये, श्रूजबरीला राहायचो. बाबा जवळच्याच एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते, यंत्राच्या सुट्या भागांची चित्रं काढायचे. तेव्हा सगळं हाताने. घरात कपाळाला टिकली नसेल एक वेळ, पण पेन्सिलीला टोक असायचंच. आई पुण्याची, बाबा नागपूरचे, आणि हे लग्न कसं जमलं यावर आई दर रविवारी नवीन शंका काढायची. हिवाळा लांबलचक. जमिनीतल्या जाळीतून गरम हवा फुसफुस करत यायची, त्या जाळीवर पाय ठेवून मी व्हायोलाचा, म्हणजे व्हायोलिनच्या थोरल्या बहिणीचा, सराव करायची. डाळी, पोहे, हिंग सगळं शिकागोच्या मामाकडून यायचं. तो तिथल्या देशी दुकानांच्या डेव्हन ॲव्हेन्यूवर जाऊन खोकं भरायचा आणि पोस्टाने पाठवायचा. खोकं फोडलं की पहिल्यांदा हिंगाचा वास यायचा आणि आई तिथेच उकिडवी बसून एकेक पुडी हुंगायची. मी सतरा वर्षांची होते, आणि मला वाद्यवृंद चालवायचा होता. वाजवायचा नव्हता, चालवायचा. आई म्हणायची, "अगं, घरात एकदा कुकर वेळेवर बंद करून दाखव, मग साठ माणसं चालव."  बाबांना वाटायचं, पोरगी आज ना उद्या इंजिनिअरिंगला जाईल.

हे वेड लावलं लिंडहोर्स्ट सरांनी. सर म्हणजे आमच्या भागातल्या हौशी वाद्यवृंदाचे म्हातारे जर्मन संचालक, म्हणजे कंडक्टर. शाळेच्या सभागृहात तालमी चालायच्या, तिथे मी व्हायोला वाजवायला जायची. उंच, वाकलेले, कोपरावर झिजलेला कोट. सुरुवात केली होती त्यांनी जर्मनीतल्या एका छोट्या ऑपेरात, गाणाऱ्यांना पियानोवर त्यांच्या जागा पाठ करून द्यायच्या कामापासून. मग तिथेच दुय्यम संचालक. मग जरा मोठं गाव, जरा मोठं थिएटर, आणि एके दिवशी अमेरिकेतल्या एका बड्या ऑपेरात कोणीतरी आजारी पडलं म्हणून तार आली. आले, तीन आठवडे गाजवले, वर्तमानपत्रात फोटो छापून आले, करार झाला. आता आयुष्य मार्गी लागलं असं त्यांनाही वाटलं असणार. दोन वर्षांनी नवा व्यवस्थापक आला आणि त्याला आपला माणूस हवा होता. तिथून जे उतरणीला लागले ते लागले. दर चार-पाच वर्षांनी नवं गाव, आणि प्रत्येक गाव आधीच्यापेक्षा लहान. शेवटी आमचं गाव, शाळेचं सभागृह आणि व्हायोलामध्ये मी. "वीस वर्षं मी ऑपेराच्या खड्ड्यात काढली," ते म्हणायचे, कारण तिथे वाद्यवृंद रंगमंचाच्या पुढे खाली खड्ड्यात बसतो. "वर गाणारे, खाली मी. त्यांचा श्वास कधी संपतोय एवढंच बघत बसायचं. लोक टाळ्या त्यांना देतात. बरंच आहे." तक्रारीचा सूर नसायचा. दमलेला माणूस सामानाची यादी सांगतो तसं सांगायचे. तेव्हा मला ते ऐकून वाईट वाटायचं. आता माझी स्वतःची यादी तयार झालीय, त्यामुळे आता नुसतं हसू येतं.

रविवारी ते आमच्याकडे जेवायला यायचे. एकटेच राहायचे ना. आई त्यांना 'जर्मन काका' म्हणायची, तोंडावरसुद्धा, आणि त्यांना ते आवडायचं. आमचं आडनाव पिंपळखुटे, ते काही त्यांच्या जिभेवर बसेना, म्हणून बाबा झाले 'मिस्टर पी.' वरण-भात, वर तूप, बटाट्याची सुकी भाजी, लिंबाचं गोड लोणचं. हे सगळं ते चमच्याने खायचे, आणि फोडणीत मोहरी तडतडायला लागली की हात वर करून सगळ्यांना गप्प करायचे. तडतड थांबली की मान हलवायचे आणि म्हणायचे, "आज घाई झाली." आई खवळायची. "घाई काय घाई! या मग तुम्हीच करा फोडणी!" जेवणानंतर टेबल पुसून स्कोअर उघडायचा. स्कोअर म्हणजे सगळ्या वाद्यांचं संगीत एकाखाली एक छापलेलं जाडजूड पुस्तक. ते फक्त संचालकासमोर असतं. वाजवणाऱ्यांपुढे आपापल्या वाद्यापुरते सुटे कागद, त्यांना पार्ट्स म्हणतात. सरांचा तो स्कोअर त्यांच्याबरोबर प्रत्येक गावी फिरलेला. पानापानावर मऊ शिसपेन्सिलीच्या खुणा. इथे थांबा, इथे बासरीकडे बघा, इथे गज उलटा. धोक्याच्या जागी चक्क छोटासा चष्मा काढलेला, म्हणजे डोळे उघडे ठेव. आणि अगदी शेवटच्या पानावर, शेवटच्या सुराखाली, गावांची यादी. जिथे जिथे ही सिंफनी केली त्या गावाचं नाव आणि किती मिनिटं लागली ते. बहुतेक संचालक असं लिहून ठेवतात. त्या यादीतलं पहिलं नाव मला वाचताही यायचं नाही, आणि शेवटचं आमच्या गावाच्या शेजारचं होतं.

आता खोडायचं सांगते, कारण सगळं तिथेच घडलं. पार्ट्स बऱ्याचदा भाड्याने आणलेले असतात, आणि परत पाठवताना त्यावरची पेन्सिलीची प्रत्येक खूण खोडून पाठवावी लागते. हे काम कोणालाच आवडत नाही. आमच्याकडे ते मी घरी आणायची, आणि बाबांना मात्र ते मनापासून आवडायचं. त्यांच्याकडे तीन तऱ्हेचे खोडरबर होते, कचरा झटकायला मऊ ब्रश होता, शेजारची रेघ पुसू नये म्हणून भोकांची पत्र्याची पट्टी होती. आणि शिवाय नागपूरची सवय. चार भावंडं, पुस्तकांचा एकच संच. परीक्षा संपली की वरच्याने आपल्या पुस्तकांतली पेन्सिल खोडायची, खाकी कागदाचं नवं कव्हर घालायचं, नाव लिहायचं आणि खालच्याला द्यायचं. पुस्तकात रेघ मारली तर मोठे काका पाठीत धपाटा घालायचे. "पुस्तकावर लिहिणं म्हणजे पुस्तकाचा अपमान," हे वाक्य मी किती वेळा ऐकलं असेल देव जाणे. बाबा खोडायला बसले की त्यांच्या चेहऱ्यावर एक समाधान यायचं, तसं ते मी पूजेच्या वेळीही कधी पाहिलं नाही.

त्या फेब्रुवारीत सरांचा निरोपाचा कार्यक्रम होता, तीच सिंफनी. मी त्यांच्या स्कोअरवरच्या खुणा बघून बघून नव्या पार्ट्समध्ये उतरवत होते, तंतुवाद्यांच्या संपल्या होत्या, म्हणून स्कोअर आमच्या टेबलावर होता. बाजूला मागच्या कार्यक्रमाचे पार्ट्स, खोडायचे. आणि मी तीन दिवस शाळेच्या एका संगीत शिबिराला गेले. इकडे बर्फाने कारखाना बंद पडला. बाबा घरी, खोडरबर हाताशी, टेबलावर ढीग. पार्ट्स एका दुपारी उरकले. मग त्यांनी स्कोअर उघडला.

शनिवारी मी घरात शिरले तर बाबा दारातच उभे. आनंद लपवता येत नव्हता त्यांना. "ये, ये, डोळे मीट. आता उघड." टेबलावर ते पुस्तक. खाकी कव्हर, कोपरे कसे काटकोनात दुमडलेले, पांढरी चिठ्ठी, तिच्यावर ड्राफ्ट्समनच्या अक्षरात सरांचं पूर्ण नाव. "काय घाण करून ठेवली होती बाप्पा पुस्तकाची! चष्मे काय काढलेत, गावांची नावं काय लिहिलीत! दोन दिवस लागले. बघ, एक डाग ठेवला नाही." मी पान उघडलं. कोरं. दुसरं उघडलं. कोरं. मग मी काय बोलले ते मला लिहवत नाही. किंचाळले एवढं आठवतं. बापाला बोलू नये ते बोलले, इंग्रजीत बोलले, म्हणजे जास्तच लागावं म्हणून. आईने गॅस बंद केला आणि पदराला हात पुसत दारात येऊन उभी राहिली. बाबांना आधी कळेचना. मग कळलं. ते हळूच खुर्चीवर बसले आणि कव्हरवरून नुसता हात फिरवत राहिले. "मला वाटलं, हेही परत करायचं असेल," म्हणाले. "मला वाटलं, म्हाताऱ्या माणसाला बरं वाटेल." थोड्या वेळाने उठले, कोट घातला. "चल. आपणच जाऊन सांगू."

सरांनी पुस्तक हातात घेतलं. कव्हर पाहिलं, चिठ्ठी वाचली, मग एकेक पान उलटत गेले. बाबा उभे, टोपी हातात. "आय ॲम व्हेरी सॉरी, सर," असं तीनदा म्हणाले. सर म्हणाले, "फार स्वच्छ झालंय, मिस्टर पी." तेवढंच. बाबांना ते सहन होईना, गाडी गरम करतो म्हणून ते बाहेर पडले. दार लागल्यावर सर मला म्हणाले, "बस." आणि सांगितलं. दोन वर्षं झाली, त्यांना आठवत नव्हतं. आधी माणसांची नावं गेली, मग काल काय खाल्लं ते, आणि आता संगीतही मधूनच नाहीसं व्हायचं. वाजत असतं, आणि पुढे काय ते डोक्यात नसतं. "मी आठवत नाही, वसुधा. हे पुस्तक आठवतं. मी फक्त वाचतो." मला एकदम सगळं लख्ख दिसलं. आईला कधी एका नावाने तर कधी दुसऱ्याच नावाने हाक मारायचे, तीच गोष्ट एका जेवणात दोनदा सांगायचे. आम्ही म्हातारपण समजून हसायचो. कार्यक्रमाला आठ दिवस होते. कोऱ्या स्कोअरवर उभे राहिले तर भर कार्यक्रमात हरवणार, साठ वाजवणाऱ्यांसमोर आणि गावासमोर. रद्द केला तर लोक कारण विचारणार. पन्नास वर्षांचा शेवट हा असा. "कोणाला सांगू नकोस," म्हणाले. "वडिलांनाही नाही. त्यांना वाटू दे की एक पुस्तक गेलं." मी मान हलवली. 

परत येताना गाडीत मला सुचलं. तंतुवाद्यांच्या पार्ट्समध्ये मी उतरवलेल्या खुणा होत्या ना! तेवढ्या तरी परत लिहिता येतील. बाबांना म्हटलं. ते म्हणाले, "आणि बाकीच्या कागदात असतील." मला वाटलं, हे काय बोलतात. घरी येऊन त्यांनी टेबलावरचा दिवा काढला, पानाच्या अगदी कडेला आडवा धरला, आणि पानावर सावल्या उमटल्या. पेन्सिल गेली होती, दाब राहिला होता. ज्या माणसाने दोन दिवस खोडलं, त्यालाच प्रत्येक खूण बोटाने चाचपून सापडत होती. पानाच्या पाठीमागून हात फिरवायचे आणि म्हणायचे, "इथे काहीतरी आहे. गोल. दोन गोल. चष्मा!"

सोमवारपासून चार संध्याकाळी आमचं जेवणाचं टेबल म्हणजे कारखानाच झाला. सरांनी सर्दीचं निमित्त सांगून मंगळवारची तालीम पहिल्या व्हायोलिनवाल्यावर सोपवली आणि आमच्याकडे येऊन बसले. मी पार्ट्समधून वाचून दाखवायची, बाबा दिवा आडवा धरून ठसे शोधायचे आणि आपल्या टपोऱ्या, एका मापाच्या अक्षरात लिहायचे. चष्मे त्यांनी कंपासने काढले. आई मध्येच पोहे आणून ठेवायची आणि ओरडायची, "तेलाचे हात लावाल तर बघा!" आणि प्रत्येक खूण सापडली की सर तिच्याकडे बघत बसायचे. मग कधीतरी त्यांचा चेहरा उजळायचा. "हां! हा चष्मा माझ्या दुसऱ्या गावातला. शिंग फुंकणारा दारू पिऊन यायचा, इथे झोपायचा. तो मरून तीस वर्षं झाली. राहू दे चष्मा." एका जागी 'सावकाश' सापडलं, तर म्हणाले, माझी बायको चेलोत बसायची, तिला इथे घाई आवडत नसे. ती तिसऱ्या गावात राहिली, मी चौथ्या गावाला गेलो. बाबांनी पेन्सिल उचलून धरली, लिहू की नको म्हणून. "लिहा," सर म्हणाले. एका जागी मात्र म्हणाले, "हे नको. हे एका समीक्षकाला खूश करायला घातलं होतं, तरी त्याने वाईटच लिहिलं." आणि बऱ्याच जागी काहीच म्हणाले नाहीत. नुसते बघत राहिले, अनोळखी माणसाकडे बघावं तसे. मी घाईने पुढचं वाचायची. बाबांना वाटायचं, सर अजून रागावलेत म्हणून गप्प आहेत. मला सांगता येत नव्हतं की हा राग नाही. त्या चार दिवसांत मी जेवढी थकले तेवढी नंतर कुठल्याच दौऱ्यात थकले नाही.

शेवटच्या पानावर बाबांनी दिवा धरला आणि गावांच्या यादीचे ठसे दिसायला लागले. पहिलं अक्षर ते लिहिणार तोच सरांनी पानावर हात ठेवला. "हे असू द्या कोरंच," म्हणाले. "ही गावं मला दोनदा उतरायची नाहीत." बाबांनी मान खाली घातली. सर गेल्यावर ते कितीतरी वेळ ते पान उघडून बसले होते. सकाळी शाळेला निघताना त्यांनी पुस्तक माझ्या हातात दिलं आणि शेवटचं पान दाखवलं. शेवटच्या सुराखाली, बारीक देवनागरीत, एक ओळ. 'माझ्या हातून तुमचं फार मोठं नुकसान झालं. मला माफ करा.' खाली सही. "इंग्रजीत सॉरी म्हटलं ग, पण ते काही खरं वाटेना मला," बाबा म्हणाले. "कोणीही कोणालाही म्हणतं ते. तू त्यांना हे वाचून दाखव. अर्थ सांग. मला नाही जमणार समोर उभं राहून."

शुक्रवारची तालीम संपल्यावर सर मंचावर एकटेच पुस्तक चाळत बसले होते. शेवटच्या पानाशी थांबले. "वसुधा, हे काय आहे? ही मिस्टर पीं.ची लिपी ना?" मी तोंड उघडलं. वाचून दाखवायचं होतं, बस. दोन वाक्यं होती. पण मला लाज वाटली. बापाची लाज वाटली. खोडरबर, खाकी कव्हर, हातात टोपी घेऊन उभं राहणं, आणि आता हे, सगळ्याची. पुन्हा ती माफी, पुन्हा तो अवघडलेपणा. सतरा वर्षांच्या पोरीला आपला बाप लहान झालेला बघवत नाही. आणि मी म्हणाले, "सूचना आहे, सर. शेवटचा सूर संपला की हात लगेच खाली आणायचे नाहीत. आवाज पूर्ण जाईपर्यंत थांबायचं. बाबांना ठसा सापडला, घाईत आपल्याच लिपीत लिहून ठेवलं." ते त्या ओळीकडे बघत राहिले. "हे माझं होतं?" त्यांनी विचारलं. "आधीपासून?" मी म्हटलं, "हो सर." त्यांनी मान हलवली. "चांगली सूचना आहे," म्हणाले. ज्या माणसाला आठवत नव्हतं, त्याला मी खोटी आठवण दिली. आणि त्याने मुकाट्याने घेतली, कारण हे खोटं आहे हे कळायला लागतं तेच त्याच्याजवळ उरलं नव्हतं.

रविवारी दुपारी तीनला कार्यक्रम झाला. आई कांजीवरम नेसली, वर बर्फातला जाडा कोट. बाबा तिसऱ्या रांगेत. मी व्हायोलात, सरांपासून चार हातांवर, आणि माझा सगळा जीव त्यांच्या डोळ्यांत. त्यांचे डोळे पानावरून एकदाही उठले नाहीत. प्रत्येक चष्म्याशी मान वर, बघितलं, पुन्हा खाली. बाबांच्या अक्षरावरून ते एकेक पाऊल टाकत चालले होते आणि कुठेही हरवले नाहीत. बायकोच्या 'सावकाश'शी इतके सावकाश गेले की चेलोवाले एकमेकांकडे बघायला लागले. त्या सिंफनीचा शेवट धडाक्यात होत नाही, विरत जातो. शेवटचा सूर गेला. गज थांबले. आणि सरांनी हात खाली आणले नाहीत. तसेच उभे, हात छातीशी उचललेले, नजर त्या ओळीवर. कोणी खोकलं नाही. गरम हवेच्या जाळीची फुसफुस ऐकू येत होती. मी तिसऱ्या रांगेत पाहिलं तर बाबांनी पुढच्या खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरली होती. किती वेळ गेला सांगता येत नाही. मग हात आले खाली, आणि मग टाळ्या.

घरी जाताना बाबा गाडी फार हळू चालवत होते. "वाचून दाखवलंस ना?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, "हो." "मला वाटलंच. बघितलं ना, हात खालीच आणले नाही त्या माणसाने. माझी ओळ वाचत उभा राहिला, एवढ्या लोकांसमोर." मग सिग्नलला गाडी थांबवली. "मोठा माणूस आहे," म्हणाले, आणि रुमाल काढून नाक शिंकरलं. आई मागच्या सीटवरून म्हणाली, "पुढे बघून चालवा." त्यानंतर त्यांनी मला इंजिनिअरिंगचं एकदाही विचारलं नाही.

सर पुढे वृद्धाश्रमात गेले. मी भेटायला जायची, ते मला ओळखायचे नाहीत, पण माझ्या हाताकडे बघून म्हणायचे, "कोपर खाली." ते गेल्यावर तिथल्या बाईंनी पुस्तक पाठवून दिलं, खाकी कव्हरसकट. नंतर काही वर्षांनी बाबा गेले. सर आपल्याला माफ करून गेले, हे त्यांनी शेवटपर्यंत लोकांना सांगितलं. माझी सगळी कारकीर्द या दोघांच्या मध्ये उभं राहून झाली. कुठलाही कार्यक्रम असो, शेवटचा सूर गेला की मी हात खाली आणत नाही. लोक म्हणतात, ही माझी शैली. एका समीक्षकाने तर त्याच्यावर सबंध परिच्छेद लिहिला होता. मी काय सांगणार कपाळ!

इथवर काल लिहिलं. आज ओंकार आला. चहा झाला, त्याने पुस्तक उघडलं आणि टेबलावरच फोनने पानं टिपायला सुरुवात केली. "मावशी, हँडरायटिंग काय भारी आहे! आणि हे चष्मे, सो क्यूट!" मी खांद्याला शेक देत बसले होते. तो शेवटच्या पानाशी आला आणि त्याचा हात थांबला. माझ्या डोक्यातच नव्हतं. इतक्या वर्षांत ते पुस्तक कितीतरी वाजवणाऱ्यांनी हाताळलं, पण मराठी वाचणारं कोणी नव्हतं. "मावशी," तो म्हणाला, "इथे मराठीत लिहिलंय काहीतरी." आणि त्याने वाचलं. साध्या, नागपुरी आवाजात. "माझ्या हातून तुमचं फार मोठं नुकसान झालं. मला माफ करा." खोलीत दुसरं कोणी नव्हतं. बाबांनी सांगितलेलं काम शेवटी एका परक्या पोराने केलं, आणि ज्याला ऐकवायचं तो नव्हता, आणि ज्याने लिहिलं तोही नव्हता. "कोणी लिहिलंय हे?" ओंकारने विचारलं. "माझ्या वडिलांनी," मी म्हटलं. त्याला पुढे काहीतरी विचारायचं होतं, पण माझ्याकडे बघून त्याने फोन खाली ठेवला. मी म्हटलं, "पुन्हा एकदा वाच, बाळा. जरा मोठ्याने वाच."